पदार्थ फसला की यंत्र बिघडलं? स्वयंपाकघरातल्या बिघाडाचा छडा लावताना

लागोपाठ तीन वेळा माझा घरी केलेला ब्रेड आतून कच्चा राहिला. वरून छान तांबूस, आणि सुरी घातली की मधोमध ओला चिकट गोळा. पहिल्या वेळी मी यीस्टला दोष दिला, दुसऱ्या वेळी पिठाला, तिसऱ्या वेळी पाण्याचं प्रमाण बदललं. चौथ्या वेळी ओव्हनमध्ये थर्मामीटर ठेवला. बटण २०० अंशांवर होतं आणि आत होते जेमतेम १६५.

पदार्थ फसला की आपण कृती बदलतो, आणि यंत्र बिघडलं असं वाटलं की लगेच नवीन घ्यायचा विचार करतो. दोन्हींच्या आधी करायचं एक काम राहून जातं, ते म्हणजे मोजणं. ज्यांनी नुकतंच घरी दही, ब्रेड, जॅम करायला घेतलं आहे आणि ज्यांच्या हाती जुनी, हट्टी यंत्रं आली आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पायऱ्यांचा क्रम बदलू नका. मी तो उलटा केला होता, म्हणून तर तीन ब्रेड वाया गेले.

१. आधी ठरवा: हे खायचं की टाकायचं

यंत्राकडे नंतर बघा. समोरचं अन्न पोटात जाण्याजोगं आहे का, हा पहिला प्रश्न.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये सुरक्षित अन्नाची पाच सूत्रं प्रसिद्ध केली. त्यातलं एक पाठच करून ठेवा: ५ ते ६० अंश सेल्सियस या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात, आणि शिजवलेलं अन्न बाहेरच्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. फार उकाडा असेल तर एक तासच धरा.

वीज गेली आणि फ्रिजचं दार उघडलं नाही, तर आतलं अन्न साधारण चार तास टिकतं. गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास तग धरतो, अर्धा भरलेला २४ तास. म्हणून वीज गेल्यावर दार उघडून ‘अजून थंड आहे ना’ हे बघायचा मोह आवरा. प्रत्येक वेळी उघडलं की हा वेळ कमी होतो.

नवख्यांना फसवणाऱ्या तीन गोष्टी इथेच सांगते.

‘पुन्हा खळखळून उकळलं की झालं’ हा समज. उकळल्याने जिवाणू मरतात, पण काहींनी आधीच सोडलेलं विष उकळूनही जात नाही. बाहेर रात्रभर राहिलेला भात याच कारणासाठी टाकायचा.

‘बुरशीचा भाग काढून टाकू’ हा दुसरा. घट्ट, कडक चीजच्या बाबतीत बुरशीच्या भोवतालचा दोन-अडीच सेंटीमीटरचा भाग कापून उरलेलं वापरता येतं. ब्रेड, जॅम, दही, मऊ फळं यांत बुरशीचे धागे डोळ्यांना दिसत नाहीत इतके आत गेलेले असतात. अख्खी बरणी टाका.

तिसरी सर्वांत घातक. लसूण किंवा हिरवा मसाला तेलात बुडवून बाहेर ठेवला, किंवा आंबट नसलेली भाजी घरीच बरणीत बंद केली, तर आत हवा नसते आणि आंबटपणाही पुरेसा नसतो. बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जिवाणूला हेच हवं असतं. त्याचे बीजाणू १०० अंशांच्या उकळीतही जिवंत राहतात, आणि त्याच्या विषाला ना वास येतो ना चव. त्यामुळे चाखून बघणं ही तपासणी नव्हेच. तेलातला लसूण फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा. बरणीचं झाकण फुगलेलं असेल तर ती उघडूही नका.

२. हाताशी काय असावं

वस्तू थोड्या आहेत, पण त्या बिघाडाच्या दिवशी शोधत बसायला लागू नयेत.

– टोकदार दांड्याचा डिजिटल थर्मामीटर, आणि ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर
– वजनकाटा, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा
– फुली आणि चपट्या टोकांचे स्क्रू ड्रायव्हर, प्रत्येकाचे दोन-तीन आकार. ताऱ्याच्या आकाराच्या टोकांचा एक संच
– मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट आणि ओहम (विजेला होणारा विरोध) मोजणारं यंत्र
– टॉर्च, जुना टूथब्रश, स्क्रू ठेवायला झाकणाचा डबा
– अन्नाला चालणारं सिलिकॉन ग्रीस

कागदपत्रांचा एकच फोल्डर करा: खरेदीची पावती, वॉरंटी कार्ड, माहितीपुस्तिका. शिवाय यंत्राच्या मागे किंवा तळाशी एक पट्टी असते, तिच्यावर मॉडेल क्रमांक, अनुक्रमांक, व्होल्ट आणि वॅट छापलेले असतात. तिचा आजच फोटो काढून ठेवा. दोन वर्षांनी ती अक्षरं तेलकट वाफेने पुसली जातात, आणि सुटा भाग मागवताना सगळं अडतं ते नेमकं त्या क्रमांकावर. नावावरून आणि रंगावरून मागवलेली रबरं मी दोनदा परत केली आहेत.

३. मोजा

सुरुवात थर्मामीटरपासूनच. चुरलेला बर्फ आणि थोडं पाणी एका पेल्यात ढवळून त्यात दांडी बुडवा. ० यायला हवं. मग उकळत्या पाण्यात. समुद्रसपाटीला १०० येईल, आणि दर ३०० मीटर उंचीला साधारण एक अंश कमी. तुमच्या घरी पाणी किती अंशांना उकळतं तो आकडा भिंतीवर लिहून ठेवा, जॅमच्या वेळी लागेल.

फ्रिज: पाण्याने भरलेला पेला मधल्या फळीवर ठेवा, त्यात थर्मामीटर सोडा आणि रात्रभर दार उघडू नका. सकाळी ४ अंश किंवा त्याहून कमी दिसायला हवं. नुसत्या हवेचं तापमान दार उघडताच बदलतं, म्हणून पाण्यातच मोजायचं. फ्रीझर उणे १८ वर असावा.

ओव्हन: दिवा विझला म्हणजे ओव्हन तापला, असं नाही. त्या वेळी फक्त हवा तापलेली असते, भिंती गार असतात. अर्धा तास थांबा, मग दर पाच मिनिटांनी काचेतूनच आकडा वाचा आणि पाच-सहा नोंदींची सरासरी काढा. थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान राखणारा भाग, चालू-बंद होत असल्याने दहा-पंधरा अंशांचा चढउतार ठरलेलाच, त्याला बिघाड म्हणू नका. सरासरीच वीस-तीस अंश घसरलेली असेल तर मात्र कारण शोधायला हवं.

माझ्या ओव्हनमध्ये ते कारण पाठीमागच्या भिंतीवर सापडलं. तिथे पेन्सिलीपेक्षा बारीक धातूची एक नळी असते, थर्मोस्टॅटची. तीच आतली उष्णता ‘वाचते’. ती दोन चिमट्यांत अडकवलेली असते, भिंतीपासून बोटभर दूर. महिन्यापूर्वी मी आतून घासूनपुसून घेतलं तेव्हा ती वरच्या चिमट्यातून निसटली होती आणि खाली झुकून तापवणाऱ्या कॉइलच्या जवळ गेली होती. त्यामुळे तिला वाटायचं, ओव्हन तापला, आणि ती कॉइल लवकर बंद करायची. प्लग काढला, ओव्हन पूर्ण गार होऊ दिला, नळी न वाकवता परत चिमट्यात बसवली. नवा भाग एकही लागला नाही. पुढच्या मोजणीत सरासरी १९६ आली.

मायक्रोवेव्ह: काचेच्या भांड्यात एक लिटर पाणी घ्या, ढवळून तापमान लिहा. पूर्ण ताकदीवर बरोबर एक मिनिट चालवा, बाहेर काढून पुन्हा ढवळा आणि मोजा. जितके अंश वाढले त्याला ७०ने गुणलं की साधारण वॅट मिळतात. ११ अंश वाढले तर सुमारे ७७०. पट्टीवर ८०० वॅट लिहिलं असेल तर तुमचा मायक्रोवेव्ह ठणठणीत आहे, कारण थोडी उष्णता भांड्यात जातेच. चार-पाच अंशच वाढले तर मात्र तो थकला आहे. बघताना पट्टीवरचा ‘आउटपुट’चा आकडा घ्या, विजेच्या वापराचा आकडा नेहमी मोठा असतो.

४. यंत्र बरोबर निघालं, तर आता कृतीकडे वळा

दही लागत नाही: दूध ८५ अंशांपर्यंत तापवा आणि ४३ ते ४५वर आणा, मग विरजण घाला. तापवण्याचं कारण फक्त जंतू मारणं नाही. त्या उष्णतेत दुधातली काही प्रथिनं उलगडतात आणि नंतर एकमेकांत गुंतून दही घट्ट होतं. कढत दुधात घातलेलं विरजण मरतं, आणि फार गार दुधात ते रेंगाळतं. दही लावायचं यंत्र वापरत असाल तर त्यात नुसतं पाणी ठेवून तासाभराने मोजा. पन्नाशीच्या वर गेलं तर दोष तुमचा नाही.

ब्रेड कच्चा: रंगावर जाऊ नका. मधोमध दांडी खुपसा; ९३ ते ९६ अंश आले की झाला. पीठ फुगतच नसेल तर चमचाभर यीस्ट ३८-४० अंशांच्या कोमट पाण्यात चिमूटभर साखरेसोबत घाला. दहा मिनिटांत फेस आला नाही तर यीस्ट मेलं आहे, पीठ भिजवायची घाईच करू नका. पाणी ५५-६०च्या वर गेलं की ताजं यीस्टही मरतं. बोट बुडवून ‘सोसवतंय’ म्हणणं पुरेसं नाही, कारण स्वयंपाक करणाऱ्यांची बोटं बऱ्याच गरम पाण्यालाही सरावलेली असतात.

जॅम पातळ: तुमच्या घरच्या उकळीच्या आकड्यात चार-पाच अंश मिळवा, तो तुमचा थांबण्याचा आकडा. समुद्रसपाटीला हे १०४-१०५ होतं. तिथे पोचूनही जॅम बसला नाही तर फळात पेक्टिन (जॅम घट्ट करणारा फळातलाच घटक) किंवा आंबटपणा कमी आहे. लिंबाचा रस घालून परत उकळा.

खारट झालेल्या रश्शात बटाटा टाकायचा उपाय सगळे सांगतात. बटाटा रस्सा शोषतो, मीठ वेगळं काढत नाही. पाणी आणि बाकीचे जिन्नस वाढवून प्रमाण कमी करणं हाच मार्ग. भांडं करपलं असेल तर खरवडू नका. वरचं चांगलं अन्न दुसऱ्या भांड्यात काढा, आणि करपलेल्या तळात पाणी व खाण्याचा सोडा घालून उकळा.

५. स्क्रूला हात लावण्याआधी

यातल्या अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात.

मिक्सर अचानक बंद पडला: प्लग काढा आणि उलटा करून तळ बघा. बऱ्याच मिक्सरना तिथे एक छोटं बटण असतं, बहुधा लाल. मोटरवर ताण आला की ते बाहेर येतं. पंधरा-वीस मिनिटं गार होऊ द्या, जारमधला माल निम्मा करा, बटण आत दाबा.

मोटर घरघरते पण पातं फिरत नाही: जारच्या तळाचा किंवा मोटरवरचा कपलर (दोघांना जोडणारा भाग) झिजला आहे. मोटर शाबूत आहे.

फ्रिज थंड करत नाही: दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. सहज सुटली तर तिथून गार हवा निसटते आहे. चारही बाजूंना तपासा. बहुतेक वेळा रबर खराब नसतं, त्याच्या घडीत चिकट साय, साखर, तुकडे साचलेले असतात. कोमट साबणपाणी आणि टूथब्रश पुरतो. मग पाठीमागच्या किंवा खालच्या जाळीवरची धूळ काढा. भाजीच्या कप्प्याखाली पाणी साचत असेल तर मागच्या भिंतीच्या तळाशी असलेलं पाणी वाहून जायचं भोक तुंबलं आहे. मऊ नळीने त्यात कोमट पाणी सोडा.

मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या: आतल्या बाजूच्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखा दिसणारा अभ्रकाचा तुकडा असतो. त्यावर उडालेलं तूपतेल जळून काळं होतं आणि तिथूनच ठिणगी उडते. डाग पुसून निघाला तर ठीक, जळून भोक पडलं असेल तर तुकडा बदलेपर्यंत मायक्रोवेव्ह चालवू नका.

रबरांना खायचं तेल लावायची सवय अनेकांना असते. काही आठवड्यांनी ते तेल सुकून गोंदासारखं होतं. पेट्रोलियम जेली लावली तर नैसर्गिक रबर फुगून सैल पडतं. सिलिकॉन ग्रीसचा वाटाण्याएवढा थेंब पुरतो.

आणि साफ करताना ब्लीच आणि व्हिनेगर कधीच एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

६. उघडायचंच ठरलं तर

वॉरंटी चालू असेल तर थांबा; आपण उघडलेलं यंत्र कंपनी बहुधा वॉरंटीत धरत नाही.

नसेल, तर प्लग काढा. बटण बंद करणं म्हणजे प्लग काढणं नव्हे. काढलेला प्लग डोळ्यांसमोर टेबलावर ठेवा, म्हणजे दुसरं कोणी तो लावणार नाही.

प्रत्येक पायरीला फोटो घ्या, विशेषतः वायरी सोडवण्याआधी. स्क्रू निघतील त्या क्रमाने डब्यात लावा. दिसायला सारखे असले तरी लांबी वेगळी असते, आणि आखूड जागी लांब स्क्रू बसवला तर तो आतली वायर दाबतो. सगळे स्क्रू काढूनही झाकण हलत नसेल तर जोर लावू नका. एखादा स्क्रू रबरी पायाखाली किंवा स्टिकरखाली दडलेला असतो. स्टिकरवरून बोट फिरवा, खळगा लागतो.

आता हट्टी स्क्रू. खाच झिजायला लागली की बहुतेक वेळा ड्रायव्हरचा आकार चुकलेला असतो. खाचेत घट्ट बसणारा मोठा ड्रायव्हर घ्या, शरीराचं वजन टाकून खाली दाबा आणि मग सावकाश फिरवा. दाब जास्त, पीळ कमी. तरी घसरत असेल तर खाचेवर रुंद रबर बँड ताणून धरा आणि त्यावरून ड्रायव्हर लावा. गंज सोडवणारं तेल बाहेरच्या स्क्रूला चालेल, पण अन्नाला लागणाऱ्या भागाजवळ ते नकोच.

मिक्सरच्या मोटरवरचा कपलर काढताना मी दोन संध्याकाळी घालवल्या. पक्कड लावली, गरम पाण्याचं फडकं गुंडाळलं, तळहाताला फोड आला. कपलर आणखीच पक्का होत गेला, कारण त्याचे आटे उलटे होते. अनेक मिक्सरमध्ये ते तसेच असतात, म्हणजे मोटर फिरताना कपलर आपोआप घट्ट राहतो, सुटत नाही. नेहमीच्या दिशेने ‘उघडायला’ जाणारा माणूस तो आवळतच राहतो. माहितीपुस्तिकेत चित्र बघा, किंवा कपलरवर बाण आहे का ते शोधा. उजव्या हाताला, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एक झटका दिला आणि तो कट्ट करून सुटला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

मोटर मधेच थांबते, ठिणग्या उडतात, जळका वास येतो, तर कार्बन ब्रश बघा. मोटरच्या दोन बाजूंना स्प्रिंगने दाबलेले ते काळे चौकोनी तुकडे. ६ मिलिमीटरपेक्षा आखूड झाले असतील तर दोन्ही एकदमच बदला. एक नवा आणि एक जुना चालत नाही.

तापवणारी कॉइल गेली की नाही हे मल्टिमीटर सांगतो. प्लग काढलेला हवाच. कॉइलच्या टोकाची एक वायर सोडवा आणि ओहम मोजा. किती यायला हवं ते आपणच काढू शकतो: व्होल्टचा वर्ग भागिले वॅट. २३० व्होल्टवर २००० वॅटची कॉइल असेल तर साधारण २६ ओहम. आकडाच येत नसेल तर कॉइल तुटली आहे. मग एक टोक आणि कॉइलचं धातूचं आवरण यांच्यात मोजा. तिथे आकडा आला तर वीज बाहेरच्या पत्र्यात उतरते आहे, यंत्र वापरणं तिथेच थांबवा.

७. इथे हात घालायचाच नाही

मायक्रोवेव्हचं बाहेरचं कवच. आतला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, हजारो व्होल्टवर चालतो आणि प्लग काढल्यानंतरही विजेचा भार धरून ठेवतो. यात जीव जातो. घरगुती यंत्रं दुरुस्त करायला आवडणारी, अनुभवी माणसंही इथे थांबतात, तुम्हीही थांबा.

फ्रिजची गॅस असलेली नळी. अनेक नव्या फ्रिजमध्ये आयसोब्युटेन असतो, तो पेट घेतो. म्हणून फ्रीझरमधला बर्फ सुरीने खरवडायचा नाही. फ्रिज बंद करा, आत कोमट पाण्याचं भांडं ठेवा आणि वाट बघा. बंद केलेला फ्रिज परत लावण्याआधी किमान पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर कॉम्प्रेसरवर ताण येतो.

प्रेशर कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह. दनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ मध्ये वाफेच्या दाबावर शिजवणारं भांडं केलं आणि त्याला दाब सोडणारी झडपही जोडली. तेव्हापासून या भांड्याची सुरक्षितता त्या झडपेवर उभी आहे. आत वातावरणापेक्षा सुमारे दुप्पट दाब आणि १२० अंश असतात. झडप बदलायची ती त्याच मॉडेलची; तार, खिळा, चिकटपट्टी यांनी जुगाड नको. शिट्टीचं भोक मात्र दर वेळी उजेडाकडे धरून बघा, आरपार दिसायला हवं.

गॅसची नळी. वास आला तर दिव्याच्या बटणालाही हात लावू नका, खिडक्या उघडा, झडप बंद करा, जाणकाराला बोलवा.

आणि तेलाने पेट घेतला तर पाणी नाही. आच बंद, वर घट्ट झाकण, भांडं हलवायचं नाही.

८. दुरुस्तीला देताना

‘चालत नाही’ एवढं सांगू नका. तुमच्या नोंदी दाखवा: बटण २००वर, आत १६५, अर्ध्या तासाने. यामुळे अंदाजाने भाग बदलणं थांबतं. काम सुरू होण्याआधी काय बदलणार ते विचारा, जुना भाग परत मागा, आणि पावतीवर बदललेल्या भागाचं नाव व क्रमांक लिहून घ्या. माझ्याकडे एकदा ‘नवीन’ म्हणून बसवलेला भाग जुनाच पुसून लावला होता. जुना परत मागितला तेव्हाच ते कळलं.

९. परत जोडल्यावर

जोडून झाल्यावर डब्यात स्क्रू उरला असेल तर पुन्हा उघडा.

पहिली फेरी रिकामी घ्या. ओव्हन अर्धा तास रिकामा चालवा, खिडकी उघडी ठेवून, आणि जवळ थांबा. मिक्सरमध्ये फक्त पाणी, तेही गार. गरम पदार्थ बंद जारमध्ये फिरवला की वाफ झाकण उडवते आणि तोंड-हात भाजतात. फ्रिजला एक अख्खी रात्र द्या, मग पेल्यातलं पाणी मोजा.

मग कायस्वरूपी नोंद ठेवा. माझ्या ओव्हनच्या शेजारच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे: तारीख, बटणावरचा आकडा, आतला आकडा. दर तीन महिन्यांनी एक ओळ वाढते. शेवटची ओळ आहे २०० आणि १९४, आणि तिच्याखाली पेन्सिलीने लिहिलंय, ‘पुसताना नळी सांभाळ’.